वडिलांना अनावर हसू फुटते, पण त्यांना हसायचे नसते: हा कोणता आजार असावा?

सायंतारा

माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. आठ महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे जड झाले. फिजिओथेरपीमुळे आता ते काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, अडखळत का होईना पण बोलतात, आणि वर्तमानपत्र पूर्वीसारखेच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढतात. स्मरणशक्ती शाबूत आहे. घरखर्चाच्या बेरजेत माझी चूक काढण्याइतकी शाबूत आहे.

अडचण निराळीच आहे. झटक्यानंतर साधारण तिसऱ्या महिन्यापासून त्यांना मधूनच हसू फुटू लागले. कोणी "कसे आहात?" एवढेच विचारले तरी ओठांचे कोपरे ताणले जातात, मान मागे जाते आणि खो खो हसणे सुरू होते. ते अर्धा-एक मिनिट टिकते, त्यांना श्वास पुरत नाही, डोळ्यांतून पाणी येते आणि कधी कधी त्या हसण्याचेच शेवटी हुंदके होतात. मागच्या महिन्यात त्यांचे थोरले भाऊ वारले. आम्ही काकूंना भेटायला गेलो, काकूंनी वडिलांचा हात हातात घेतला आणि त्याच क्षणी हे हसू सुरू झाले. वडिलांनी डाव्या हाताने रुमाल तोंडात कोंबला, तरी खांदे गदगदतच राहिले, आणि खोलीतली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. परतताना गाडीत त्यांनी तीनदा प्रयत्न करून एकच वाक्य पुरे केले: "मला हसू येत नव्हतं." तेव्हापासून कुणाकडे जायचे नाव काढले की ते नकारार्थी मान हलवतात.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा "हसताहेत ना, रडण्यापेक्षा बरे" असे म्हणून त्यांनी विषय संपवला. एका नातेवाइकांच्या मते ही वेडाची सुरुवात आहे. मला तसे वाटत नाही, परंतु मग हे काय आहे, यावर उपचार आहेत का, आणि कोणत्या तज्ज्ञांकडे जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्तवैद्य

मी मेंदूविकारांच्या विभागात तीस वर्षे काम करून आता निवृत्त झालो आहे. रुग्णाला न तपासता निदान करणे योग्य नाही, हे आधीच सांगतो; मात्र तुमच्या वडिलांनी गाडीत उच्चारलेले ते वाक्य निदानाच्या दृष्टीने अतिशय मोलाचे आहे. अशा रुग्णाला आम्ही जो पहिला प्रश्न विचारतो, त्याचे उत्तर त्यांनी न विचारताच दिले आहे. तो प्रश्न असा असतो: "तुम्ही हसलात तेव्हा तुम्हाला आतून गंमत वाटत होती का?" उत्तर "नाही" असे आले, की मनाच्या आजाराकडून आमचा विचार मेंदूच्या इजेकडे वळतो.

हसण्याच्या क्रियेत चेहरा, घसा, स्वरयंत्र आणि श्वासपटल यांचे स्नायू एका ठरावीक तालात एकत्र काम करतात, आणि हा ताल धरणारी केंद्रे मेंदूच्या देठात असतात. ती जन्मतःच तयार असतात. म्हणून तर जन्मतः अंध आणि बहिरे असलेले मूलही हसते. या केंद्रांवर लगाम असतो तो वरच्या मेंदूचा, विशेषतः कपाळामागच्या भागाचा. याशिवाय लहान मेंदूही या कामात असतो. कुठे किती हसावे, कुठे नुसते ओठ हलवून थांबावे, हे प्रसंग पाहून ठरवण्यात त्याचा वाटा असावा, असे पार्विझी, दामासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एका रुग्णाच्या अभ्यासावरून मांडले. पक्षाघातात वरून खाली येणारे हे मार्ग तुटले, की लगाम सैल होतो. मग एखादे क्षुल्लक निमित्त, म्हणजे कुणाची नजर, एखादा प्रश्न किंवा हाताचा स्पर्श, खालची यंत्रणा सुरू करायला पुरते, आणि एकदा सुरू झालेली यंत्रणा आपला ताल संपेपर्यंत थांबत नाही. हसण्याची आणि रडण्याची यंत्रणा शेजारीशेजारी असल्यामुळे हसण्याचे हुंदके होणे हेही या विकारात नेहमी दिसते.

याला वैद्यकात 'स्यूडोबल्बर अफेक्ट' म्हणतात. मराठीत रूढ शब्द नाही. मी रुग्णांशी बोलताना 'अनावर हास्यरुदन' असा शब्द वापरत असे, कारण मूळ नाव ऐकून घरच्या मंडळींचा चेहरा उतरतो. हा नवा शोधलेला आजार नाही. मेंदूच्या काही आजारांत रडू अकारण आणि सहज येते, असे चार्ल्स डार्विन यांनी १८७२ सालीच नोंदवले होते, आणि किनियर विल्सन या ब्रिटिश मेंदूविकारतज्ज्ञांनी १९२४ साली या विषयावर सविस्तर लेख लिहिला. तांब्याचा निचरा न होण्याचा जो आजार 'विल्सन डिसीज' म्हणून ओळखला जातो, तो १९१२ साली वर्णन करणारे विल्सन तेच. गंमत अशी की त्या आजारातही काही रुग्णांच्या चेहऱ्यावर रिकामे, गोठलेले हसू असते.

पक्षाघाताखेरीज मोटर न्यूरॉनचा आजार (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजण्याचा), मल्टिपल स्क्लेरोसिस (चेतातंतूंवरचे आवरण खराब होण्याचा), डोक्याला झालेली मोठी इजा, पार्किन्सनसारखे कंपविकार, स्मृतिभ्रंशाचे काही प्रकार आणि मेंदूच्या देठाजवळची गाठ यांतही हे दिसते. म्हणून झटका येऊन गेलेल्या माणसात कारण उघड वाटले, तरी हे लक्षण नव्याने आले असेल तर एकदा तपासणी आणि गरजेनुसार एमआरआय करावा. दुसरा एखादा लहान झटका नकळत येऊन गेला आहे का, हे त्यातून कळते.

तपासणीला जाताना दोन गोष्टी न्याव्यात. पहिली म्हणजे मोबाइलवर घेतलेले दोन-तीन प्रसंगांचे चित्रण, कारण दवाखान्यात नेमके हसू येत नाही आणि घरच्यांच्या वर्णनावरून डॉक्टरांना चित्र उभे करता येत नाही. वडिलांची परवानगी मात्र आधी घ्यावी. दुसरी म्हणजे दहा-पंधरा दिवसांची वही: किती वाजता, कशावरून, किती वेळ, हसू की रडू, त्या वेळी हाक मारली तर ओ देत होते का. यासाठी सात प्रश्नांची एक मोजपट्टीही वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण असतात, म्हणजे एकूण बेरीज ७ ते ३५ येते, आणि १३ किंवा त्याहून अधिक गुण आले तर या विकाराचा विचार करावा, असा प्रघात आहे. पण मी स्वतः मोजपट्टीपेक्षा वहीवर जास्त विसंबत असे.

उपचार आहेत. डॉक्टरांनी विषय संपवला ही चूकच झाली, कारण या विकाराने जिवाला धोका नसला तरी माणूस घराबाहेर पडेनासा होतो, आणि तुमच्याकडे ते झालेच आहे. सर्वसाधारणपणे नैराश्यावरची औषधे वापरली जातात: सर्ट्रालिन किंवा सिटालोप्राम यांसारखी सेरोटोनिन वाढवणारी, किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन ही जुनी. यावरून वडिलांना नैराश्य आहे असा अर्थ कोणी काढू नये. या विकारात ही औषधे बहुधा कमी मात्रेत पुरतात आणि नैराश्यात जिथे परिणामासाठी काही आठवडे थांबावे लागते, तिथे इथे पुष्कळदा थोड्या दिवसांतच फरक दिसतो. औषधाचे काम इथे वेगळ्या वाटेने होते, याचीच ती खूण आहे.

तिसरा पर्याय डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्विनिडीन यांच्या मिश्रणाचा. २० आणि १० मिलिग्रॅमची ही एकत्रित कॅप्सूल अमेरिकेत २०१० साली खास याच विकारासाठी मंजूर झाली. त्यामागच्या १२ आठवड्यांच्या चाचणीत मोटर न्यूरॉनचा आजार किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असलेले ३२६ रुग्ण होते, आणि औषध नसलेली, नुसती तशीच दिसणारी कॅप्सूल घेणाऱ्यांच्या तुलनेत औषध घेणाऱ्यांचे हसण्या-रडण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्याने कमी झाले. सगळीकडे ही कॅप्सूल मिळते असे नाही, आणि हृदयाच्या ठोक्यांत दोष असेल तर ती देता येत नाही. ईसीजी काढल्याशिवाय ती सुरू करू नये.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत डॉक्टरांना एक गोष्ट आवर्जून सांगा. झटक्यानंतर त्यांना रक्त पातळ करणारी गोळी बहुधा चालू असेल. सर्ट्रालिनसारख्या औषधांनी रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, आणि वयस्कर माणसांच्या रक्तातले सोडियमही त्यांनी उतरू शकते. औषध टाळावे असे मी म्हणत नाही. सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत सोडियम तपासून घ्यावे, एवढेच.

मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. नातेवाइकांना माझ्या वतीने सांगा की वेडाचा याच्याशी काही संबंध नाही.

पारिजात

सायंताराताई, तुमचा प्रश्न वाचताना माझ्या आईची आठवण झाली. तिला मोटर न्यूरॉनचा आजार होता आणि शेवटची दोन वर्षे हे हसणे आमच्या घरात रोजचे होते. औषधांबद्दल वर तज्ज्ञांनी लिहिलेच आहे. मी फक्त घरात काय उपयोगी पडले ते सांगते.

आम्ही सुरुवातीला तिच्याबरोबर हसायचो. तिला संकोच वाटू नये म्हणून. तिने एक दिवस पाटीवर लिहून दाखवले की तुम्ही हसलात की माझे आणखी वाढते, आणि गप्प राहून रोखून पाहिलेत तरीही वाढते. मग आम्ही एक रीत ठरवली: हसू सुरू झाले की कोणीही तिच्याकडे पाहायचे नाही, चाललेले बोलणे त्याच आवाजात पुढे चालू ठेवायचे, आणि ओसरले की तिला मध्येच सामील करून घ्यायचे. ऐकायला हे कोरडे वाटेल, पण तिला यानेच सर्वांत बरे वाटत असे.

तिला स्वतःला उपयोगी पडलेल्या युक्त्या अशा. हसू येणार याची चाहूल तिला गालातल्या ताणावरून लागायची. त्याच क्षणी बसण्याची ढब बदलायची, खांदे आणि जबडा सैल सोडायचा आणि नाकाने संथ श्वास घेऊन त्याहून संथ सोडायचा. कधी कधी ती शंभरातून सात-सात वजा करत जायची. दर वेळी जमत नसे, पण चारांतून एखादा प्रसंग टळला तरी तिचा धीर वाढायचा. मात्र हसू पूर्ण सुरू झाल्यावर ते दाबण्याचा प्रयत्न व्यर्थ जातो. तुमच्या वडिलांनी रुमाल तोंडात कोंबला, असे तुम्ही लिहिले आहे. ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांच्या बाबतीत हे धोक्याचे आहे, कारण हसताना श्वास जोरात आत ओढला जातो. जेवताना हसू आले तर घास तोंडातून काढून टाकायला सांगा आणि हसू पूर्ण थांबल्यावाचून पाणी देऊ नका.

बाहेर जाताना आम्ही एक चिठ्ठी बरोबर ठेवत असू: "मला मेंदूच्या आजारामुळे अनावर हसू येते. मी तुम्हाला हसत नाही. एक मिनिट थांबावे." हे आधीच सांगून टाकले की निम्मा ताण उतरतो. काकूंना तुम्ही हे समजावून सांगितले आहे का? नसेल तर वडिलांच्या समोरच सांगा, त्यांच्या पाठीमागे नको.

डॉक्टरांनी तिला अ‍ॅमिट्रिप्टिलिन दिले होते. त्याने तोंड कोरडे पडते हा एरवी दुष्परिणाम मानतात. आईच्या तोंडात लाळ साठून राहायची, त्यामुळे आमच्याकडे तोच फायद्याचा ठरला.

घरचावैद्य९

एवढ्या महागड्या गोष्टींची आवश्यकता नसावी. डेक्स्ट्रोमेथॉर्फन तर कोरड्या खोकल्याच्या साध्या औषधात असते. ते दोन-दोन चमचे देऊन पाहायला काय हरकत आहे?

गोळीपत्र

हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. मी औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन गेली कित्येक वर्षे औषधविक्रीच्या व्यवसायात आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन पोटात गेले की यकृतातले एक विशिष्ट एन्झाइम बहुतेक लोकांमध्ये त्याचे झपाट्याने विघटन करते, त्यामुळे मेंदूपर्यंत पुरेसे औषध पोचतच नाही. क्विनिडीन हे मुळात हृदयाच्या ठोक्यांवरचे जुने औषध. पण या कॅप्सूलमध्ये ते हृदयासाठी घातलेले नसून केवळ त्या एन्झाइमला अडवण्यासाठी अगदी अल्प मात्रेत घातलेले असते. म्हणजे मिश्रणातला एक घटक काम करतो आणि दुसरा त्याचा पहारेकरी असतो. नुसते खोकल्याचे औषध पाजले तर पहारेकरीच नाही. म्हणून माणूस मात्रा वाढवत जातो, आणि जास्त मात्रेत तेच औषध गुंगी, भ्रम आणि तोल जाणे या वाटेने नेते. शिवाय खोकल्याच्या बाटलीत बहुधा तो एकच घटक नसतो; सर्दीवरचा गुंगी आणणारा घटक किंवा पॅरासिटामॉलही असू शकते, आणि ते सगळेच दुप्पट-तिप्पट पोटात जाते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सर्ट्रालिन, सिटालोप्राम यांसारखी गोळी चालू असताना डेक्स्ट्रोमेथॉर्फन वर पडले, तर शरीरात सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो: घाम, थरथर, ताप, छातीची धडधड, स्नायू ताठरणे, अस्वस्थता. अशा वेळी रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते. म्हणून सायंताराताईंना सुचवतो की वडिलांना अशी गोळी सुरू झाल्यावर खोकला झाला, तर औषध घेताना दुकानदाराला चालू गोळ्यांची यादी दाखवावी. आणखी एक सांगतो, कारण हा घोळ मी प्रत्यक्ष पाहिला आहे: क्विनिडीन आणि मलेरियावरचे क्विनीन ही दोन वेगळी औषधे आहेत. चिठ्ठीवरचे नाव अक्षर न अक्षर वाचावे.

झुळूक

विषयाला धरूनच एक वेगळा प्रश्न विचारते. माझ्या बहिणीचे बाळ अकरा महिन्यांचे आहे. खेळता खेळता ते मध्येच थांबते, डोळे एका बाजूला लागतात आणि खिदळल्यासारखा आवाज येतो. दहा-पंधरा सेकंदांत थांबते आणि बाळ पुन्हा खेळू लागते. दिवसातून सात-आठ वेळा होते. सगळे म्हणतात की बाळ गुणी आहे, हसरे आहे. मला मात्र ते हसू ऐकून बरे वाटत नाही. त्यात कुणाकडे पाहणे नाही, आणि आवाज दर वेळी तंतोतंत सारखा असतो.

निवृत्तवैद्य

झुळूक, तुमचे निरीक्षण अचूक आहे आणि ते बहिणीला आजच सांगा. दर वेळी सारखेच, अकारण, थोड्या सेकंदांचे, आणि त्या काळात बाळ प्रतिसाद देत नसेल, तर ते अपस्माराचे झटके, म्हणजे फिट, असू शकतात. त्यांना 'जेलास्टिक' झटके म्हणतात. 'जेलोस' या ग्रीक शब्दाचा अर्थ हसू. हे झटके बहुधा ३० सेकंदांहून कमी टिकतात. रडण्यासारखे झटकेही असतात, आणि काही मुलांत दोन्ही असतात.

लहान मुलांत याचे ठळक कारण म्हणजे हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या छोट्या भागावरचा हॅमार्टोमा. ही जन्मजात गाठ असते, कर्करोग नव्हे. ती पसरत नाही, पण तिच्यातल्या पेशी स्वतःच विद्युत्‌झटके निर्माण करतात. ती मेंदूच्या तळाशी खोल असल्यामुळे डोक्यावर तारा लावून काढलेला ईईजी पुष्कळदा अगदी स्वच्छ येतो, आणि "ईईजी चांगला आहे, काही नाही" असे सांगून मुलाला घरी पाठवले जाते. अशी मुले चार-पाच वर्षांनी निदानाला आलेली मी पाहिली आहेत. म्हणून या प्रकरणात त्या भागाचा नीट काढलेला एमआरआय हीच खरी तपासणी, आणि सोबत तुमच्या बहिणीने घेतलेले चित्रण. निदान लवकर व्हावे याचे कारण असे की उशीर झाल्यास इतर प्रकारचे झटके, रागाचे उद्रेक, शिकण्यात पिछेहाट आणि अगदी लहान वयात वयात येण्याची लक्षणे दिसू लागतात.

नुसत्या गोळ्यांनी हे झटके क्वचितच आटोक्यात येतात. गाठीपर्यंत बारीक लेझर तार नेऊन ती उष्णतेने जाळणे, दुर्बिणीतून तिचा मेंदूशी संबंध तोडणे, किंवा एकवटलेल्या किरणांचा मारा करणे हे मार्ग आहेत. किरणांचा परिणाम दिसायला काही महिने, कधी दोन-अडीच वर्षेही लागतात. लेझरने हसण्याचे झटके बऱ्याच मुलांत थांबतात. मात्र जागा नाजूक असल्याने स्मरणशक्ती, तहान-लघवीचे संतुलन आणि वजन यांवर परिणाम होण्याची शक्यता शल्यविशारदांनी आधी समजावून सांगायला हवी. मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. तोवर घाबरून जाऊ नका. झोपेत खुदकन हसणारी असंख्य बाळे ठणठणीत असतात. शंका येते ती जागेपणी, एकसारख्या साच्यातून निघालेल्या हसण्याने.

दुसऱ्याबाजूने

मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे. वर वेडाचा उल्लेख झाला म्हणून मनोविकारांची बाजू थोडक्यात मांडते. उन्मादाच्या अवस्थेतला रुग्ण खूप हसतो, पण त्याला खरोखरच आनंद वाटत असतो. झोप कमी झालेली असते, बोलणे वेगाने चाललेले असते, आणि हे सारे दिवसच्या दिवस टिकते. स्किझोफ्रेनियातला रुग्ण आपल्याशीच हसतो, आणि विचारले तर पुष्कळदा आतला काही संवाद त्याला कारणीभूत असतो. कपाळामागचा मेंदू बिघडलेला माणूस स्वतःच्याच फालतू विनोदांवर खूश असतो आणि त्यात काही वावगे आहे हे त्याच्या गावीही नसते. सायंताराताईंच्या वडिलांना वावगे वाटते, लाज वाटते, ते माणसे टाळतात. हा फरक लहान नाही.

आणखी एक प्रकार निखळ सामाजिक आहे. अतिशय ताणाच्या किंवा दुःखाच्या प्रसंगी निरोगी माणसालाही हसू फुटते, आणि ते आजूबाजूला पसरूही शकते. १९६२ साली तेव्हाच्या टांगानिकामधल्या (आजच्या टांझानियातल्या) काशाशा येथील मुलींच्या शाळेत ३० जानेवारीला तीन मुलींपासून हसण्याची अशी लाट सुरू झाली की १५९ पैकी ९५ मुलींना तिने गाठले आणि १८ मार्चला शाळा बंद करावी लागली. मेंदूची इजा नाही, विषबाधा नाही. सक्तीच्या वातावरणातल्या ताणाची ती सामूहिक प्रतिक्रिया होती, असेच आज मानले जाते. तिथे गोळ्यांचा उपयोग नसतो. माणसे एकमेकांपासून दूर करून ताणाचे मूळ शोधावे लागते.

निवृत्तवैद्य

वरील प्रतिसादाशी सहमत. फक्त एक धोक्याची खूण नोंदवून ठेवतो, कारण ती विसरली जाते. ज्याला पूर्वी असा त्रास कधीच नव्हता अशा माणसाला अचानक अकारण हसू फुटले, आणि पाठोपाठ हातापायातली शक्ती गेली, तोंड वाकडे झाले किंवा वाचा गेली, तर ते हसू म्हणजे पक्षाघाताचीच नांदी असते. फ्रेंच वैद्य फेरे यांनी १९०३ साली याचे वर्णन केले. हे अत्यंत दुर्मीळ आहे. पण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे हसू थांबण्याची वाट पाहत बसू नये.

सायंतारा

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहिते आहे, म्हणजे सांगण्यासारखे काही हाती आहे.

मेंदूविकारतज्ज्ञांनी चित्रण दोनदा पाहिले, वही वाचली आणि वडिलांना तोच प्रश्न विचारला: आतून गंमत वाटते का? वडिलांनी "नाही" म्हटले आणि लगेच त्यांना हसू आले. तज्ज्ञ खिडकीकडे पाहत शांतपणे कागद चाळत राहिले. पारिजातताई, तुमच्या रीतीसारखेच. एमआरआयमध्ये नवा झटका दिसला नाही. ईसीजी आणि सोडियम पाहून सर्ट्रालिन अगदी कमी मात्रेत सुरू केले.

वहीत पहिल्या आठवड्यात दिवसाला दहा-अकरा नोंदी होत्या. गोळीच्या नवव्या दिवशी सहा झाल्या. आता दोन-तीन असतात आणि त्या आखूड असतात. ओठ ताणले जातात पण आवाज फुटण्याआधीच पुष्कळदा थांबते. तिसऱ्या आठवड्यात सोडियम पुन्हा तपासले, ठीक आले. मळमळ चार दिवस होती, नंतर गेली. काकूंना मी वडिलांच्या समोर सगळे सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, पण परवा त्या आपणहून घरी आल्या.

गेल्या रविवारी वर्तमानपत्र वाचताना वडील एकदम हसले. मी सवयीने वही उघडली. त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि व्यंगचित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हे लिहू नको. हे माझं होतं."

निवृत्तवैद्य, एक शंका उरली आहे. ही गोळी किती दिवस चालू ठेवावी लागेल? आता बरे आहे तर सोडून पाहावी का, असे वडील विचारत आहेत.

निवृत्तवैद्य

एकदम सोडू नये. चक्कर, अस्वस्थता आणि हसू उलटण्याचा संभव असतो. पक्षाघातानंतरचा हा त्रास काही जणांत पहिल्या वर्षभरात आपोआप कमी होतो, म्हणून सहाएक महिने स्थिर गेल्यावर तज्ज्ञांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवून पाहता येते. त्या काळात वही पुन्हा सुरू करावी. परतले तर आधीच्या मात्रेवर जायचे. त्यात अपयश मानण्यासारखे काही नाही. व्यंगचित्राच्या नोंदी मात्र वडील म्हणतात तशा वगळाव्यात.